एक माणूस, अनेक रोबो आणि मधला साहाय्यक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदामात माल वाहणारे रोबो, शहरातील चालकविरहित टॅक्सी किंवा कोसळलेल्या बोगद्यात शोध घेणारी यंत्रे यांच्या मागे कुठेतरी पडद्यासमोर बसलेला एक माणूस, म्हणजे ऑपरेटर, असतो. अलीकडे त्या माणसाच्या मदतीला ‘साहाय्यक’ म्हणून आणखी एक सॉफ्टवेअर दिले जाते. ते ऑपरेटरचे नेमके काय करते, याबद्दल अभियंते, व्यवस्थापक आणि स्वतः ऑपरेटर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘स्वयंचलित साहाय्यक’ म्हणजे रोबोची स्वतःची स्वयंचलितता का?

नाही, आणि या दोहोंची गल्लत बैठकांमध्ये फार होते. रोबो स्वतः वाट काढतो, अडथळा टाळतो, बॅटरी उतरली की चार्जिंगला जातो. ती त्याची स्वतःची क्षमता झाली. साहाय्यक हा रोबो आणि माणूस यांच्या मधे बसतो. बारा रोबोंपैकी आत्ता कोणाकडे पाहावे हे तो सांगतो, राहून गेलेल्या कामाची आठवण करून देतो, निर्णय सुचवतो आणि मुभा दिली असल्यास परस्पर कृतीही करतो.

राजा परशुरामन, थॉमस शेरिडन आणि ख्रिस्तोफर विकन्स यांनी २००० साली स्वयंचलित मदतीचे चार टप्पे मांडले होते: माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे, निर्णय निवडणे आणि तो अमलात आणणे. साहाय्यक विकत घेताना किंवा बनवताना तो यांपैकी कोणत्या टप्प्यावर काम करणार आहे हे आधी विचारावे, कारण ऑपरेटरवर होणारा परिणाम टप्प्यागणिक वेगळा असतो. पहिल्या दोन टप्प्यांत साहाय्यक चुकला तर माणसाला ती चूक पकडायची थोडी तरी संधी मिळते. शेवटच्या टप्प्यातली चूक बहुधा घडून गेल्यावरच कळते.

एक माणूस किती रोबो सांभाळू शकतो?

याला एकच आकडा नाही, पण हिशेब कसा मांडतात ते सांगता येते. अमेरिकेतील ब्रिगम यंग विद्यापीठात डॅन ओल्सन आणि मायकेल गुडरिच यांनी २००३ च्या सुमारास दोन कालावधी मोजण्याची पद्धत मांडली. कोणी लक्ष दिले नाही तरी रोबो किती वेळ बऱ्यापैकी काम करत राहतो, हा पहिला कालावधी. त्याला पुन्हा मार्गी लावायला माणसाचा किती वेळ जातो, हा दुसरा. पहिल्याला दुसऱ्याने भागून त्यात एक मिळवला की एका माणसाला झेपणारी रोबोंची कमाल संख्या मिळते. रोबो दहा मिनिटे आपले आपण चालत असेल आणि प्रत्येक वेळी त्याच्यावर दोन मिनिटे खर्च होत असतील, तर उत्तर सहा येते. साहाय्यकाने ती दोन मिनिटे एकावर आणली, तर कागदावर अकरा.

हे ‘कागदावर’ महत्त्वाचे आहे. या सूत्रात रोबो शिस्तीने एकामागून एक अडतात असे गृहीत धरलेले असते, आणि प्रत्यक्षात ते तसे अडत नाहीत. शिवाय एका रोबोवरून दुसऱ्याकडे वळताना ‘हा कुठे आहे, याचे काय चालले होते’ हे डोक्यात पुन्हा जुळवायला जो वेळ लागतो, तो या हिशेबात सहज विसरला जातो. नेमका तोच वेळ रोबोंच्या संख्येबरोबर वाढत जातो.

नुसत्या संख्येला काही अर्थ नसतो हे दाखवणारे एक उदाहरण आपल्याकडचेच आहे. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत ‘बीटिंग रिट्रीट’च्या वेळी १००० ड्रोन एकत्र उडवले गेले. तेथे प्रत्येक ड्रोनचा मार्ग आधीच आखलेला होता आणि हवेत असताना कोणालाही ‘आता याचे काय करायचे’ असा निर्णय घ्यायचा नव्हता. उलट, ढिगाऱ्यात शिरलेले चार रोबो एका अनुभवी माणसाला घाम फोडू शकतात.

मग साहाय्यक दिल्यावर एका माणसाकडे जास्त रोबो सोपवायला काय हरकत आहे?

हरकत सरासरीच्या भरवशावर सोपवण्याला आहे. क्रूझ या चालकविरहित टॅक्सी कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की, त्यांच्या गाड्यांना २ ते ४ टक्के वेळ दूरस्थ माणसाची मदत लागते आणि साधारण १५ ते २० गाड्यांमागे असा एक माणूस असतो. आता गुणाकार करून पाहू. १५ गाड्या आणि २ टक्के धरले तर कोणत्याही क्षणी सरासरी ०.३ गाडी मदत मागत असते. २० गाड्या आणि ४ टक्के धरले तर ०.८. म्हणजे माणूस पाळीचा ३० ते ८० टक्के वेळ कामात. माणूस आणि यंत्र यांच्या कामाचा मेळ पाहणाऱ्या ‘मानवी घटकां’च्या अभ्यासात सुमारे ७० टक्क्यांपुढची व्यग्रता धोक्याची मानतात, कारण त्यापुढे काम निसटू लागते. थोडक्यात, वरच्या टोकाला सरासरी दिवससुद्धा तंग असतो.

आणि संकटे सरासरीने येत नाहीत. २० डिसेंबर २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागातील वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमो कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी चौकांत थबकल्या. कंपनीच्या नंतरच्या स्पष्टीकरणानुसार, बंद सिग्नल ओलांडणे गाड्यांना येत होते, मात्र काही वेळा त्या माणसाकडून खात्री करून घेत. एरवी तुरळक येणाऱ्या त्या विनंत्या एकाच वेळी उसळल्या आणि उत्तरे मिळायला उशीर झाला. येथे एकही गाडी बिघडलेली नव्हती. सगळ्यांना एकाच क्षणी एकच शंका आली, एवढेच घडले. साहाय्यकाची खरी कसोटी अशा वेळी लागते: शंभर सारख्या विनंत्या तो एकत्र बांधून माणसापुढे एकच प्रश्न ठेवू शकतो का, की शंभर वेळा घंटा वाजवतो?

असा साहाय्यक प्रत्यक्ष कामात कसा दिसतो?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने २०१८ ते २०२१ या काळात घेतलेली भूमिगत शोधाची स्पर्धा हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा एक नियम या विषयासाठीच केल्यासारखा होता: रोबो कितीही पाठवा, पण आत चाललेले काम पाहून त्यांना आज्ञा देणारा माणूस एकच. अंतिम फेरी सप्टेंबर २०२१ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे, चुनखडीच्या जुन्या खाणीत झाली. आत ४० वस्तू लपवलेल्या होत्या. माणसाचा पुतळा, पाठपिशवी, मोबाइल फोन अशा. वस्तू कोणती हे बरोबर सांगून तिची जागा पाच मीटरच्या आत अचूक दिली तरच गुण मिळे, आणि किती वेळा सांगता येईल यालाही मर्यादा होती.

त्या एका माणसाच्या जागी बसून पाहा. प्रवेशद्वाराशी रोबो ओळीने उभे आहेत. प्रत्येकाचे सेन्सर सुरू आहेत का, नकाशाचा आरंभबिंदू जुळला आहे का, हे तपासून एकेकाला आत सोडायचे आहे आणि घड्याळ पळते आहे. पहिला रोबो वळणाआड जातो आणि संपर्क तुटतो. तो पडला, की पुढे जाऊन परत येणार आहे? तेवढ्यात दुसऱ्याने दहा-बारा छायाचित्रे पाठवलेली असतात. त्यांतल्या एकात लालसर काहीतरी आहे, ते पाठपिशवी असेल किंवा दिव्याच्या उजेडात चमकणारा दगड. चुकीचा दावा केला तर एक संधी वाया जाते. आणि हे पाहत असताना, संपर्कासाठी वाटेत टाकायचे उपकरण तिसऱ्या रोबोने टाकले की नाही, हे डोक्यातून गेलेले असते.

नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या नेतृत्वाखालील ‘कोस्टार’ या चमूने अशा ऑपरेटरसाठी ‘कोपायलट’ नावाचा साहाय्यक तयार केला होता. रोबोंच्या स्थितीवर नजर ठेवणे, पुढचे काम कोणते हे क्रमाने मांडणे, जे स्वतः करता येईल ते करून टाकणे आणि उरलेले योग्य वेळी माणसापुढे ठेवणे, असे त्याचे स्वरूप होते. पडद्याची रचना व्यूहरचनेच्या व्हिडिओ गेमवरून सुचलेली होती. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती कामाची वाटणी. तपासणी, क्रम आणि आठवण हे यंत्राकडे गेले, तर ‘हा दगड की पिशवी’ हा निवाडा माणसाकडे राहिला.

याच चमूने त्या स्पर्धेची फेब्रुवारी २०२० मधील शहरी फेरी जिंकली होती आणि अंतिम फेरीत तो १३ गुणांसह पाचवा आला. पहिल्या दोन्ही चमूंना प्रत्येकी २३ गुण होते. यावरून साहाय्यकाला पास किंवा नापास ठरवू नये. एका तासाच्या फेरीत रोबोंची चाल, संपर्क आणि नशीब यांचा इतका वाटा असतो की, एका घटकाचा परिणाम त्यातून वेगळा काढता येत नाही.

साहाय्यकामुळे एकूण कामगिरी सुधारते, याला प्रयोगांचा आधार आहे का?

आहे. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात सारित क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रोबोंच्या शोधकार्यात ऑपरेटरला ‘आता हे करा’ असा एकेक सल्ला देणारा साहाय्यक वापरून पाहिला. सल्ला ऐकणे बंधनकारक नव्हते, तरीही साहाय्यकासह केलेले काम स्पष्टपणे चांगले झाले. एका वेळी एकच सल्ला ही त्यातली ध्यानात घेण्याजोगी बाब आहे. दहा पर्यायांची यादी पुढे टाकणाऱ्या साहाय्यकाने ऑपरेटरचे काम कमी केले असे म्हणता येत नाही. वाचायचे काम वाढवले असे मात्र म्हणता येते.

काम कमी होते की फक्त बदलते?

बहुतेक ठिकाणी बदलते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलेला विरोधाभास आजही तसाच आहे: सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे फक्त अवघड कामे उरतात, आणि ती करायला लागणारा सराव ज्या सोप्या कामांतून मिळत असे, तीच काढून घेतलेली असतात. अनेक रोबोंच्या देखरेखीत याला आणखी एक पदर आहे. पूर्वी ऑपरेटर रोबोंवर लक्ष ठेवत असे. आता त्याला रोबोंवर आणि त्यांच्याबद्दल सांगणाऱ्या साहाय्यकावरही लक्ष ठेवावे लागते. साहाय्यक काय पाहतो आणि काय पाहत नाही हे ठाऊक नसेल, तर ऑपरेटर दोन्हीकडे अर्धे-अर्धे पाहतो आणि पाळीअखेर अधिक थकतो.

गोदामात हे जवळून दिसते. भिवंडीसारख्या ठिकाणी रात्रपाळीच्या सुपरवायझरला रोबो कुठे अडणार हे पडद्याआधी आवाजावरून कळते: चाकाखाली प्लॅस्टिकची पट्टी आली की होणारी खरखर, किंवा एका रांगेत अचानक पसरलेली शांतता. त्याला काचेमागच्या खोलीत नेऊन समोर हिरवे-लाल ठिपके दिले की दृष्टिक्षेपात जास्त रोबो येतात, पण ही जाण जाते. साहाय्यकाने ती कमतरता भरून काढायची असेल, तर ‘रोबो ७ थांबला’ एवढे पुरत नाही. ‘रोबो ७ याच वळणावर आज तिसऱ्यांदा थांबला’ असे सांगावे लागते.

साहाय्यकाने विचारून करावे की करून मग सांगावे?

थॉमस शेरिडन आणि विल्यम वरप्लँक यांनी १९७८ मध्ये माणूस आणि संगणक यांच्यातील अधिकारवाटपाच्या दहा पायऱ्या मांडल्या होत्या. व्यवहारात झगडा त्यांतल्या मधल्या दोन पायऱ्यांचा असतो. एकीत माणूस ‘हो’ म्हणेपर्यंत यंत्र थांबते. दुसरीत ठरावीक वेळात माणसाने ‘नाही’ म्हटले नाही, तर यंत्र पुढे जाते. मानवरहित विमानांच्या देखरेखीवरील २००२ मधील एका अमेरिकी प्रयोगात, हीथ रफ आणि सहकाऱ्यांना संमतीची पद्धत अधिक चांगली ठरल्याचे आढळले.

नकाराधिकाराची पद्धत वेगवान असते, पण ‘नाही’ म्हणायला लागणारी माहिती आणि वेळ माणसाकडे नसेल, तर तो अधिकार नावापुरता उरतो. इराक युद्धात २३ मार्च २००३ रोजी अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने ब्रिटनचे, म्हणजे मित्रदेशाचेच, टॉर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले आणि त्यातील दोघेही ठार झाले. यंत्रणेसमोर माणसे बसलेली होती. विचार करायला मात्र त्यांच्याकडे फार थोडा वेळ होता, आणि त्यांचे प्रशिक्षण यंत्रणेवर विश्वास ठेवण्याकडे झुकलेले होते. म्हणून पूर्ववत करता येण्याजोगी कामे, उदाहरणार्थ रोबोचा मार्ग बदलणे, साहाय्यकाने परस्पर करावीत; जे केल्यावर परत घेता येत नाही, ते संमतीशिवाय करू नये. या रेषेवर मी तरी तडजोड करणार नाही.

साहाय्यक अधूनमधून चुकत असेल तर?

चूक कोणत्या प्रकारची आहे यावर परिणाम ठरतो. तो विनाकारण इशारे देत राहिला तर ‘लांडगा आला रे आला’ची गत होते: ऑपरेटर खऱ्या इशाऱ्यालाही उशिरा उठतो. तो गप्प राहून चुकला, तर ऑपरेटर पुन्हा स्वतः सगळे पडदे तपासू लागतो आणि साहाय्यक असून नसल्यासारखा होतो. विकन्स आणि स्टीफन डिक्सन यांनी २००७ मध्ये आधीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अचूकता सुमारे ७० टक्क्यांच्या खाली गेली की अशी मदत नसलेलीच बरी, असे दिसले.

दुसरा धोका याच्या उलट आहे. ९५ वेळा बरोबर ठरलेल्या साहाय्यकापुढे ९६ व्या वेळी माणूस नंदीबैलासारखी मान डोलावतो. यात दोन चुका संभवतात: साहाय्यक बोलला नाही म्हणून डोळ्यांसमोरचा बिघाड न दिसणे, आणि तो बोलला म्हणून विरुद्ध पुरावा दिसत असूनही त्याचे ऐकणे. अनेक रोबो सांभाळताना पहिली चूक अधिक घडते असे मानायला जागा आहे, कारण ज्या रोबोबद्दल साहाय्यक गप्प आहे त्याच्याकडे पाहायला ऑपरेटरला सवडच नसते.

इशारे किती असावेत?

उद्योगांतील नियंत्रणकक्षांसाठी ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, स्थिर परिस्थितीत दहा मिनिटांत एका इशाऱ्यापेक्षा कमी हे प्रमाण चांगले मानतात. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, तेव्हा आधीच्या ११ मिनिटांत ऑपरेटरांपुढे २७५ इशारे आले होते. ती यंत्रणा रोबोंची नव्हती. माणसाचे डोके मात्र तेच.

काम फारच हलके झाले तर?

तर माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस डोळ्यांत तेल घालून बसेल ही अपेक्षा प्रयोगांनी कधीच खोटी ठरवली आहे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, घड्याळासारख्या तबकडीवरील काट्याने मधूनच घेतलेली दुहेरी उडी टिपायची होती. पहिल्या अर्ध्या तासातच अचूकता घसरली. पूर्वी अमेरिकी नौदलात लढाऊ वैमानिक असलेल्या मिसी कमिंग्ज यांनी एमआयटीत अनेक मानवरहित वाहनांच्या देखरेखीचा चार तासांचा, मुद्दाम कमी कामाचा प्रयोग केला, तेव्हाही लोकांचे लक्ष मोठ्या प्रमाणावर इतरत्र भरकटले. त्यामुळे ‘एवढे कमी काम आहे तर आणखी दहा रोबो द्या’ हे उत्तर जितके चुकीचे, तितकेच ‘काही झाले तर साहाय्यक हाक मारेलच’ हेही. पाळ्या आखूड ठेवाव्यात आणि मधल्या वेळेत खरोखर उपयोगाचे काम द्यावे.

ऑपरेटरवरचा भार मोजायचा कसा?

सर्वांत रुळलेले साधन म्हणजे नासाची १९८८ मध्ये सँड्रा हार्ट आणि लॉवेल स्टेव्हलँड यांनी प्रसिद्ध केलेली प्रश्नावली. मानसिक ताण, शारीरिक ताण, वेळेचा दबाव, स्वतःची कामगिरी, प्रयत्न आणि वैताग अशा सहा अंगांनी ऑपरेटर स्वतःच गुण देतो. अडचण अशी की, ती काम संपल्यावर भरली जाते आणि मधल्या तीन भयंकर मिनिटांची नोंद सरासरीत विरघळून जाते.

म्हणून आता अंगावर लावलेल्या सेन्सरांनी भार सतत मोजण्याकडे कल आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये डार्पाच्या दुसऱ्या एका उपक्रमात ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या ज्युली अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी, शंभराहून अधिक खऱ्या यंत्रांचा थवा एकच माणूस सांभाळत असताना असे मोजमाप केले. तो प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे चालवत नव्हता. खेळाच्या प्रशिक्षकासारखे आधी बसवलेल्या डावांतून एकेक निवडत होता. भार मर्यादेपलीकडे वारंवार गेला, मात्र दर वेळी काही मिनिटांपुरताच. ‘एक माणूस शंभर यंत्रे सांभाळतो’ या बातमीपेक्षा ती काही मिनिटे केव्हा आली हे साहाय्यक बनवणाऱ्याला अधिक शिकवते.

भार पाहून साहाय्यकाने स्वतःच कमी-जास्त मदत करावी का?

कल्पना जुनी आणि आकर्षक आहे, पण मदत केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा अंदाज ऑपरेटरला यायला हवा. ऐन गडबडीत चार कामे परस्पर उचलणारा आणि जरा निवांत होताच ती सांगितल्याशिवाय परत ठेवणारा साहाय्यक गोंधळ वाढवतो. बदल झाला की पडद्यावर एका जागी, नेहमी त्याच जागी, तो दिसला पाहिजे.

संभाषण करणारे साहाय्यक वापरावेत का, आणि ते मराठीत असावेत का?

गोदामात लोक आपसांत मराठी-हिंदीत बोलत असताना ऐन घाईच्या क्षणी पडद्यावर लांब इंग्रजी वाक्य येणे ही विनाकारण घातलेली अडचण आहे, त्यामुळे भाषा बदलण्याला पूर्ण पाठिंबा. सावधगिरी वेगळ्या कारणाने हवी. सफाईदार वाक्यात दिलेले स्पष्टीकरण खरे वाटते, आणि वाक्याची सफाई व माहितीची अचूकता यांचा काहीही संबंध नसतो. ‘रोबो ४ बहुधा उताराला घसरला असावा’ या वाक्याशेजारी त्या रोबोचा शेवटचा कॅमेरा-फोटो आणि तो किती सेकंदांपूर्वीचा आहे हे दिसत नसेल, तर ते वाक्य दाखवूच नये.

नव्या ऑपरेटरला साहाय्यकासह शिकवावे की त्याच्याविना?

आधी त्याच्याविना, थोड्या रोबोंवर. दोन-तीन रोबो हाताने सांभाळून ते कुठे आणि का अडतात हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच साहाय्यकाचा सल्ला विचित्र वाटण्याची शक्यता असते. मग साहाय्यक सुरू करून रोबो वाढवावेत, आणि सरावात त्याला ठरवून चुकवावे. कधी खोटा इशारा, कधी मुद्दाम गप्प. अशी चूक पकडलेला ऑपरेटर प्रत्यक्ष पाळीत अधिक सावध राहतो. एक काळजी मात्र घ्यावी: सरावातल्या चुका अतिरेकी झाल्या, तर दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिऊ लागतो आणि प्रत्येक सूचना तीनदा तपासतो. साहाय्यकाविना काम करायची पाळी महिन्यातून एकदा तरी, दिवसाच्या कमी गर्दीच्या वेळी, जुन्या ऑपरेटरांनाही द्यावी. त्या दिवशी रोबोंची संख्या किती कमी करावी लागली याची नोंद ठेवली, तर साहाय्यक बंद पडेल त्या रात्री किती रोबो थांबवायचे हा आकडा आधीच हाताशी असतो.